सामना बघताना हातात धरून खाण्याचे आशियाई पदार्थ : काय करावे आणि कधी वाढावे

प्रश्न सीवूड्सच्या एका ताईंचा आहे. येत्या रविवारी संध्याकाळी साडेसातच्या टी-ट्वेंटी सामन्यासाठी त्यांच्या घरी बारा माणसे जमणार आहेत. दर वेळच्या वडापावाचा आणि सामोशांचा घरच्यांना कंटाळा आला आहे, त्यामुळे या खेपेस चिनी, थाई, कोरियन धाटणीचे, ताट-वाटी न लागता हातात धरून खाता येतील असे पदार्थ करावेत, अशी त्यांची इच्छा आहे. पाहुण्यांत चौघे शाकाहारी आहेत, चार आणि सात वर्षांची दोन मुले आहेत आणि एकाला कोळंबीची ॲलर्जी आहे. ओट्यावर तीन शेगड्या आहेत, आणि सामना त्यांना स्वतःलाही पाहायचा आहे.

मी गेली २२ वर्षे ठाण्यात पाचपाखाडीला छोट्या समारंभांसाठी खाण्याच्या ऑर्डरी घेते. तुमच्या प्रश्नातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. ज्या घरात सामना चालू असतो त्या घरातील एक व्यक्ती बहुतेक वेळा कढईपुढे उभी असते आणि बाहेरून आरडाओरडा ऐकू आला की झारा हातात घेऊन दाराशी येऊन ‘काय झालं?’ असे विचारते. हे टाळायचे असेल तर पदार्थ निवडण्याआधी सामन्याचे घड्याळ समोर ठेवावे. टी-ट्वेंटीचा एक डाव साधारण ८५ ते ९० मिनिटे चालतो आणि दोन डावांच्या मध्ये सुमारे २० मिनिटांची विश्रांती असते. आयपीएलमध्ये प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट असतात. म्हणजे सामना सुरू झाल्यावर तुम्हाला निवांतपणे गॅसपुढे उभे राहता येईल अशी वेळ एकच, ती मधल्या विश्रांतीची. बाकीच्या वेळी जे वाढायचे ते एक तर आधी तयार असले पाहिजे, नाही तर कोणी उभे न राहता आपोआप शिजत राहणारे असले पाहिजे.

पदार्थाला माझ्याकडे पहिली कसोटी असते ती नजरेची. खाणाऱ्याला पडद्यावरून नजर न काढता, एका हाताने, फार तर दोन घासांत तो संपवता आला पाहिजे. ज्याचा रस्सा मनगटावरून ओघळतो, जो चावल्यावर दुसऱ्या टोकाने बाहेर येतो, तो कितीही चविष्ट असला तरी या संध्याकाळसाठी योग्य नाही. व्हिएतनामी पद्धतीचे तांदळाच्या पापडाचे ताजे रोल मला मनापासून आवडतात, पण ते एकमेकांना चिकटतात, नीट गुंडाळलेले नसले तर पहिल्याच घासाला सुटतात, आणि त्यांच्यासोबतची चटणी पातळ असते. ते जेवणाच्या टेबलावर बसून खाण्यासाठी ठेवावेत. दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थाला थांबता आले पाहिजे. शेवटच्या दोन षटकांत कोणी ताटलीकडे हात नेत नाही, त्यामुळे वाढलेला पदार्थ २० मिनिटे तसाच पडून राहणार हे गृहीत धरूनच निवड करावी.

ही दुसरी कसोटी मी नुकसान सोसून शिकले. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका घरगुती ऑर्डरीसाठी मी ८० स्प्रिंग रोल तळून, गरम राहावेत म्हणून स्टीलच्या मोठ्या डब्यात झाकण लावून नेले होते. पोहोचेपर्यंत डब्यात वाफ साचून झाकणाच्या आतून पाणी टपकत होते आणि वरचा थर ओल्या कागदासारखा झाला होता. तळलेला पदार्थ बंद डब्यात कधीही ठेवू नये, जाळीवर मोकळा ठेवावा. आणि आपल्या दमट हवेत तो जाळीवरसुद्धा अर्ध्या तासापलीकडे कुरकुरीत राहील अशी अपेक्षा करू नये.

म्हणून तुमच्या यादीत मी खोल तेलात तळायचा एकही पदार्थ ठेवलेला नाही. बारा माणसांसाठी, खाणे हेच रात्रीचे जेवण असणार असे धरले तर, माणशी साधारण दहा ते अकरा पीस लागतात. सामन्यानंतर जेवण असेल तर निम्म्यात भागते. त्या हिशेबाने किंबापचे चार रोल कापून ३२ पीस, सातेच्या, म्हणजे काडीवर ओवून भाजलेल्या मसालेदार पट्ट्यांच्या, २४ काड्या, ४८ मोमो आणि मुळ्याच्या वडीचे २४ तुकडे करावेत, शिवाय तोंडात टाकायला तिरफळाच्या मिठातले शेंगदाणे असावेत. एकूण १२८ पीस होतात आणि चव, पोत, तापमान या तिन्ही बाबतींत एक पदार्थ दुसऱ्यासारखा लागत नाही. मांचुरियन आणि शेजवान यांना यादीत जागा नाही, पण त्यामागे त्यांच्याविषयी कमीपणाची भावना नाही. मांचुरियनचे श्रेय ज्यांना दिले जाते ते नेल्सन वाँग १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते, त्यामुळे क्रिकेटशी त्या पदार्थाचे नाते इतर कोणत्याही पदार्थापेक्षा जवळचे आहे. अडचण रश्श्याची आणि तळणीची आहे.

सुरुवात थंड पदार्थाने करावी, कारण सात वाजता पाहुणे आत येताच काही वाढण्यासाठी गॅस पेटवण्याची गरज पडू नये. किंबाप हा कोरियातला समुद्रशेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात आहे. ‘किम’ म्हणजे ते पान आणि ‘बाप’ म्हणजे भात. सुशीच्या भातात व्हिनेगर घालतात, किंबापच्या भातात भाजलेल्या तिळाचे तेल आणि मीठ. हे तेल गडद रंगाचे असते आणि थोडेसेच वापरायचे असते, आपल्या घाण्यावरचे कच्च्या तिळाचे तेल त्याची जागा घेऊ शकत नाही. तांदळासाठी मात्र आपल्याला दूर जावे लागत नाही. इंद्रायणी मुळातच किंचित चिकट असतो आणि किंबापला उत्तम बसतो. एक वाटी तांदळात तीन रोल होतात, तुम्ही दीड वाटी घ्यावा. आत परतलेले गाजर, उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळलेला पालक, काकडीच्या मीठ लावून पुसलेल्या पट्ट्या आणि सोया सॉसमध्ये परतलेले पनीर घालावे. कोरियात यात पिवळ्या रंगाचा आंबट-गोड मुळा घालतात. तो आदल्या दिवशी व्हिनेगर, साखर, मीठ आणि चिमूटभर हळद यांत मुळ्याच्या पट्ट्या बुडवून घरी करता येतो, आणि तो नसेल तर किंबाप मिळमिळीत लागतो. भात कोमट असतानाच गुंडाळावा आणि सुरीला प्रत्येक कापाआधी तिळाच्या तेलाचे बोट पुसावे. हा पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नये, भात खडखडीत होतो. बाहेरही तो फार काळ ठेवता येत नाही, कारण शिजवलेल्या भातात टिकून राहणारे काही जीवाणू उबदार हवेत वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून सहाच्या सुमारास करावा आणि आठपर्यंत संपवावा. कच्च्या माशाची सुशी घरी करण्याचा विचार कोणी मांडला तर मी स्पष्ट नको म्हणते.

साते ही मूळची इंडोनेशियातली, आणि मलेशिया, सिंगापूर, थायलंड या सगळ्यांनी आपलीशी केलेली. तिच्या मसाल्यात हळद, धणे, जिरे, लसूण आणि गवती चहा असतो, म्हणजे जवळजवळ सगळे आपल्या घरात आहे. गवती चहाची हिरवी पाती आपण चहात घालतो, पण सातेसाठी त्याचा मुळाकडचा पांढरा, जाडसर भाग लागतो. भाजीवाल्याकडे बहुतेक वेळा तो कापून टाकलेला असतो, त्यामुळे आधी सांगून ठेवावे लागते. सोळा काड्यांसाठी ४०० ते ४५० ग्रॅम बोनलेस चिकन घ्यावे आणि ते लेग पीसचे घ्यावे, कारण छातीचे मांस तव्यावर चटकन कोरडे पडते. बोटाएवढ्या लांब, पातळ पट्ट्या कापून, मसाल्याबरोबर एक चमचा गूळ आणि दोन चमचे तेल लावून किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. गुळामुळे तव्यावर कडा करपल्यासारख्या तांबूस होतात आणि सातेची ओळख तीच आहे. शाकाहारी आठ काड्यांसाठी हाच मसाला पनीरला लावावा, मात्र वेगळ्या भांड्यात, आणि तव्यावर पनीर आधी, चिकन नंतर. काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, नाही तर त्यांची टोके जळतात.

शेंगदाण्याच्या कुटात मराठी घराला कोणी काही शिकवावे असे नाही, तरी सातेच्या चटणीसाठी कूट आपल्या नेहमीच्या कुटापेक्षा जाडसर ठेवावे. तेलावर लाल मिरची, लसूण आणि गवती चहाचे वाटण परतून त्यात एक वाटी नारळाचे दूध, एक वाटी कूट, चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत ढवळत राहावे. ती इतकी घट्ट हवी की काडी बुडवून बाहेर काढल्यावर थेंब पडता कामा नये. चटणी थंड झाल्यावर आणखी आळते, म्हणून वाढण्यापूर्वी दोन चमचे गरम पाणी घालून सारखी करावी. सोबत काकडीचे आणि कांद्याचे मोठे तुकडे ठेवावेत, तिकडेही तसेच देतात. एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. विकेट पडली की लहान मुले सोफ्यावर उड्या मारतात आणि त्यांच्या हातात टोकदार काडी असते. मुलांना काडीवरून काढलेले तुकडे वाटीत द्यावेत आणि रिकाम्या काड्यांसाठी खोलीत दोन ठिकाणी उंच पेले ठेवावेत.

आता मोमो, ज्यांच्यावर माझ्या मते तुमची सगळी संध्याकाळ उभी राहू शकते. तिबेट आणि नेपाळमधून, दार्जिलिंग-सिक्कीममार्गे हा पदार्थ आपल्याकडे आला आणि आज ठाणे स्टेशनबाहेर कुठेही मिळतो, तरी घरी केलेल्या मोमोची पारी आणि गाडीवरच्या मोमोची पारी यांत पुरणपोळी आणि मैद्याची पोळी यांच्याइतका फरक असतो. पाव किलो मैद्याला अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल आणि साधारण १२५ मिलिलिटर पाणी पुरते. कणीक पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी आणि ती ओल्या कापडाखाली अर्धा तास मुरली पाहिजे. इतक्या कणकेत अठ्ठावीस-तीस मोमो होतात, तेव्हा तुम्हाला चारशे ग्रॅम मैदा घ्यावा लागेल. उकडीच्या मोदकाची सवय असलेला हात इथे थोडा बदलावा लागतो. तांदळाच्या उकडीला ताण सोसत नाही, म्हणून आपण मोदकाची पारी दाबून दाबून पसरवतो. मैद्याची पारी मात्र ओढली तरी फाटत नाही, त्यामुळे ती कडेला कागदासारखी पातळ आणि मधे किंचित जाड लाटता येते. मधली जाडी सारणाचे वजन पेलते, आणि कडा पातळ असल्या की वर जमलेली मुरड कच्ची राहत नाही.

मोदकाला आपण आधी सगळ्या कळ्या पाडून घेतो आणि मग त्या वर एकत्र आणतो. मोमोला डाव्या हाताच्या अंगठ्याने सारण आत दाबून धरायचे आणि उजव्या हाताच्या चिमटीने एक चुणी, तिच्यावर अर्धी चढलेली दुसरी, असे एकाच दिशेने फिरत जायचे. पंधरा-सोळा चुण्या झाल्या की तोंड आपोआप मिटते. पहिले सहा-सात वाकडे होतील, ते खाली ठेवून द्यावेत, चवीला तेही तितकेच चांगले लागतात. शाकाहारी सारणात कोबी बारीक चिरून, मीठ चोळून १५ मिनिटे ठेवावा आणि मग पंचात घालून पूर्ण ताकदीने पिळावा. हे पिळणे कोणी टाळले की मोमोच्या तळाशी पाणी साठते, पारी गिळगिळीत होते आणि उचलताना फाटते. पिळलेल्या कोबीत किसलेले गाजर, बारीक कांदा, आले, मिरपूड, कुस्करलेले पनीर आणि एक चमचा तेल घालावे. चिकनच्या सारणाचे उलटे आहे. खिम्यात दोन चमचे पाणी घालून तो एकाच दिशेने चिकट होईपर्यंत फेटावा, म्हणजे वाफवल्यावर आत रस राहतो.

मोमो कच्चेच ताटलीवर सुटे सुटे मांडून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि दगडासारखे झाले की पिशवीत भरावेत. हे काम शनिवारी, नाही तर शुक्रवारी रात्रीसुद्धा करता येते. वाफवताना बर्फ सुटू देऊ नये, फ्रीजरमधून थेट चाळणीवर ठेवावेत. ताज्या शाकाहारी मोमोला आठ ते दहा मिनिटे लागतात आणि चिकनच्या मोमोला दहा ते बारा, गोठलेल्यांना तीन मिनिटे जास्त द्यावीत. चाळणीवर केळीचे पान किंवा कोबीची पाने घातली तर ते चिकटत नाहीत. तुमच्याकडे चौघे शाकाहारी आहेत, तेव्हा मोदकपात्र त्यांच्यासाठी राखावे आणि चिकनचे मोमो इडलीपात्रात जाळी ठेवून वाफवावेत. एकाच पात्राच्या दोन थरांत दोन्ही ठेवले तर वरच्या थरातला रस खाली टपकतो, आणि पाहुणा बोलला नाही तरी त्याला ते खटकते. गॅस लावला, मोबाइलवर गजर लावला आणि तुम्ही परत सोफ्यावर, ही सोय दुसऱ्या कोणत्याही पदार्थात नाही.

मुळ्याची वडी हे नाव मी दिलेले आहे. चीनच्या कँटन भागात चहाबरोबर जे छोटे पदार्थ खातात त्यांतल्या एकात किसलेला पांढरा मुळा आणि तांदळाचे पीठ वाफवून, थापा थंड झाल्यावर कापून, तव्यावर परततात. आमच्या स्वयंपाकघरात मदतीला येणाऱ्या एका मावशींनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, ही तर कोथिंबीर वडीची बहीण.’ खरोखरच रीत तीच आहे, आणि म्हणूनच मराठी हाताला ती लगेच जमते. ६०० ग्रॅम मुळा किसून, तेलावर परतलेले मशरूम आणि कांद्याची पात घालून, मुळा पारदर्शक होईपर्यंत दहा मिनिटे त्याच्याच पाण्यात शिजवावा. दीडशे ग्रॅम तांदळाचे पीठ आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर एक वाटी पाण्यात कालवून, मीठ आणि पांढरी मिरपूड घालून, गॅस बंद केल्यावर गरम मुळ्यात ओतावे आणि ढवळावे. मुळ्याच्या उष्णतेनेच ते इडलीच्या पिठापेक्षा दाट होते. तेल लावलेल्या डब्यात ते थापून ४५ मिनिटे वाफवावे. बाहेर काढल्याबरोबर ते मऊ आणि ढिले वाटेल, बिघडले असे समजू नये. रात्रभर फ्रिजमध्ये राहिले की वडी सुरीने नेटकी कापता येते. ज्यांना मुळ्याचा वास आवडत नाही अशांनीही ही वडी मागून घेतलेली मी पाहिली आहे, कारण शिजल्यावर तो उग्रपणा जाऊन गोडसर चव उरते. पारंपरिक पदार्थात सुकवलेली कोळंबी आणि सॉसेज घालतात. तुमच्या घरी कोळंबी वर्ज्य आहे आणि मशरूमने तिची उणीव भासत नाही. विश्रांतीच्या २० मिनिटांसाठी हाच पदार्थ राखून ठेवावा : मोठा तवा, त्यावर दोन-तीन चमचे तेल, प्रत्येक बाजूला तीन ते चार मिनिटे, आणि एकदा ठेवल्यावर वडीला हात लावायचा नाही. चिमट्याने सारखी हलवली तर खरपूस कवच तयार होत नाही. दोन तवे लावले तर सगळे तुकडे एका विश्रांतीत होतात.

तिरफळाविषयी दोन वाक्ये जास्त लिहिते, कारण हा विषय मला फार प्रिय आहे. शेजवान म्हणून आपण जे खातो त्या चटणीत, सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाची ओळख असलेले, जिभेला झिणझिण्या आणणारे मिरे बहुधा नसतेच. आणि त्या मिऱ्याचे सख्खे भावंड, त्याच वनस्पतिकुळातले आणि त्याच प्रजातीगटातले तिरफळ, कोकणातल्या प्रत्येक घरी बांगड्याच्या आमटीसाठी ठेवलेले असते. त्यातले काळे, कडू बी काढून टाकावे, साल मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजावी आणि खडे मिठाबरोबर खलबत्त्यात कुटावी. भाजलेले शेंगदाणे थोड्या तेलात सुक्या लाल मिरच्यांबरोबर परतून गॅस बंद केल्यावर हे मीठ भुरभुरावे. आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो आणि मग जीभ हलकेच बधिर होते. पाव किलो दाण्यांना अर्धा चमचा पुरे, जास्त झाले तर नंतरच्या कशाचीच चव लागत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या हाताशी ही वाटी ठेवू नये. इतक्या लहान वयात अख्खा शेंगदाणा घशात अडकू शकतो, आणि उड्या मारताना तर नक्कीच.

घरातील तरुण मंडळींनी कोरियन पद्धतीच्या तळलेल्या चिकनचा हट्ट धरलाच, तर ते दोनदा तळण्याच्या तंत्रावर जमवता येते. कॉर्नफ्लोअर आणि तांदळाच्या पिठात घोळवलेले तुकडे सामना सुरू होण्याच्या थोडे आधी १६० ते १६५ अंश तेलात पूर्ण शिजेपर्यंत तळून जाळीवर ठेवावेत. थांबलेल्या वेळात आतला ओलावा बाहेरच्या थरात येतो आणि पुन्हा १८५ ते १९० अंशांवर दोन मिनिटे तळले की तो उडून जातो, त्यामुळे कवच दीर्घकाळ कुरकुरीत राहते. सॉसमध्ये बुडवू नये, ब्रशने पातळ हात द्यावा. पण मग मुळ्याची वडी त्या दिवशी करू नये, एका विश्रांतीत दोन्ही होत नाहीत.

ॲलर्जीचा भाग मी कधीच घाईने उरकत नाही. कोळंबी न आणणे सोपे आहे, पण ती बाटल्यांत लपलेली असते. थाई करीच्या तयार वाटणात बहुतेक वेळा वाटलेली सुकी कोळंबी असते, पारंपरिक किमचीत, म्हणजे कोरियन लोणच्यात, खारवलेली जवळ्यासारखी कोळंबी असते, आणि ऑइस्टर सॉस शिंपल्यांचा असतो. फिश सॉस माशाचा, म्हणजे शाकाहारी पाहुण्यांनाही वर्ज्य. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारींपुरते उत्तर देतो, शिवाय घटकांची यादी आणि ॲलर्जीकारक घटकांची ओळ स्वतः वाचावी. वर दिलेल्या यादीत मी साधा सोया सॉस सोडून एकही तयार सॉस ठेवलेला नाही, त्यामागे हेच कारण आहे. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो, तेव्हा कोणाला गहू चालत नसेल तर तेही कळवावे लागेल. पाहुण्यांना आधी फोन करून विचारताना शेंगदाणे आणि तीळ यांचीही चौकशी करावी, कारण दोन्ही या बेतात ठळकपणे आहेत. आणि त्या दिवशी चतुर्थी किंवा कोणाचा काही वार नाही ना, हेही पाहून ठेवावे. रविवारी संकष्टी आली तर मांसाहारी बाजूचे निम्मे पाहुणे अचानक शाकाहारी होतात आणि हिशेब उलटतो.

वेळापत्रक असे बसते. सातला किंबाप आणि शेंगदाणे बाहेर. सात ते साडेसात साते तव्यावर, म्हणजे पहिल्या चेंडूला गॅस बंद, आणि पहिली सहा षटके संपेपर्यंत काड्या संपलेल्या असतात. आठ वाजून दहा मिनिटांनी मोमोंच्या पहिल्या २४ची वाफ सुरू. नऊच्या सुमारास विश्रांतीत वड्या. दहाला उरलेले मोमो, आणि शेवटच्या पाच षटकांत स्वयंपाकघरात कोणीही नको. शिजवलेला कोणताही पदार्थ खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा नियम सर्वांना लागू. पेयासाठी गवती चहा आणि आले उकळून थंड केलेल्या पाण्यात लिंबू आणि साखर घालावी, याहून वेगळे काही करण्याची गरज नाही.

पण घड्याळ आपल्या हातात नसते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता तेव्हा सानपाड्याच्या एका सोसायटीत माझी ऑर्डर होती. तीनला सुरू होणारा सामना पावसामुळे पाचला सुरू झाला आणि भारताने तो ५२ धावांनी जिंकला तेव्हा मध्यरात्र झाली होती. स्टेडियम इतक्या जवळ की तिथल्या पावसाबरोबर आमच्याही खिडक्या बंद कराव्या लागल्या. तीनच्या हिशेबाने तयार केलेले थंड पदार्थ साडेचारपर्यंत संपले आणि पुढची सगळी रात्र फ्रीजरमधल्या कच्च्या मोमोंनी निभावली, लागतील तसे काढायचे आणि वाफवायचे. तेव्हापासून कितीही छोटी ऑर्डर असली तरी मी ठरलेल्या संख्येपेक्षा दीड डझन मोमो जास्त गोठवून नेते.

खरेदीचे सांगायचे तर मुळा, कोबी, गाजर, पात शनिवारी सकाळी घ्यावी. वाशीच्या घाऊक बाजारात एवढ्यासाठी जाण्याचे कारण नाही, जवळची मंडई पुरे. शेवाळाची पाने आणि भाजलेल्या तिळाचे तेल मोठ्या दुकानांत मिळते, आणि पानांचे पाकीट फोडले की लगेच हवाबंद करावे, पाऊण तासात ती मऊ पडतात. शनिवारी दुपारी मुळा मुरवणे, संध्याकाळी मोमो भरणे आणि रात्री वडीचा थापा वाफवणे, रविवारी सकाळी सातेचा मसाला लावणे आणि चटणी करणे, एवढे वाटून घेतले तर रविवारी दुपारी झोपसुद्धा मिळेल. मोमो भरायला एकटीने बसू नये, घरातल्या दोघा-तिघांना पारी लाटायला आणि चुण्या घालायला बसवावे.

उरलेले कच्चे मोमो फ्रीजरमध्ये महिनाभर चांगले राहतात. सोमवारी सकाळी डब्यासाठी ते तव्यावर थोड्या तेलात ठेवावेत, तळ तांबूस झाला की अर्धी वाटी पाणी ओतून झाकण घालावे, आणि पाणी आटून पुन्हा चरचर आवाज येऊ लागला की उतरवावेत.